वेताची बाही

मी लग्न होऊन या घरात आले, त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या नणंदेनं माझ्या माहेरहून आलेली वेताची खुर्ची चारचौघांत उलटी केली, खालून नीट पाहिली आणि मला विचारलं, "हे विणलंय की गुंडाळलंय?"

माझे वडील तिथंच बसले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वन्संनी मात्र सुरी आणली, बैठकीची सगळी जाळी कराकरा कापून काढली आणि संध्याकाळपर्यंत नवी विणून दिली. पुढे माझी दोन्ही मुलं त्या खुर्चीवर उड्या मारून मोठी झाली, पण एक पट्टी सैल पडली नाही.

वन्संचं लग्न झालं होतं. वर्षभरात परत आल्या. का आलात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "पटलं नाही." आणखी खोदून विचारलं तर, "तुमचं पटतंय ना? मग झालं." सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, वेतकाम होतं. माझ्या नवऱ्याला त्यात गोडी नव्हती, तो बसडेपोत मेकॅनिक झाला. सासऱ्यांचं सगळं कसब लेकीच्या हाती गेलं. ते वारल्यावर वन्सं नदीपलीकडच्या फर्निचरच्या कारखान्यात लागल्या. तिथं पंधरा विणकर होते. खुर्चीची बैठक विणायची तर ती वन्संनीच, असं बाकीचे चौदाही कबूल करायचे, आणि विणकर माणूस दुसऱ्याला सहजासहजी चांगलं म्हणत नाही.

कारखान्यात वेत चिरायचं एक यंत्र होतं. दोन दातेरी रूळ आणि त्यांच्या मागे पातं. एका बाजूनं अख्खा वेत घालायचा, दुसरीकडून पट्ट्या बाहेर. ते चालवणारा माणूस एक दिवस आला नाही आणि मालकांना माल वेळेत हवा होता. "बाई, तुम्हाला काय येत नाही? बसा जरा त्याच्यावर," असं म्हणून त्यांनी वन्संना बसवलं. रुळांवर झाकण नव्हतं. बंद करायचं बटण यंत्राच्या दुसऱ्या टोकाला. हातमोज्याचं टोक रुळात सापडलं आणि बटणापर्यंत कुणी पोचेस्तोवर उजवा हात गेला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "कोपर ठेवलंय का?"

"ठेवलंय. कोपराखाली चार बोटं हात शिल्लक आहे."

वन्संनी डाव्या हाताची चार बोटं आडवी धरून पाहिली. "पुरेल," म्हणाल्या.

आम्ही दोघं नवराबायको हमसून रडत होतो आणि ही बाई माप काढत होती.

त्या रडल्या ते घरी आल्यावर, एकदाच. एका हातानं वेणी घालता येईना तेव्हा. मी घालून देते म्हटलं तर ऐकेनात. "तू रोज घालणार? आणि मी रोज तुझ्यापुढे डोकं वाकवून बसणार? कात्री आण." मी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश शिवते. रोज कात्री चालवणारी मी, त्या दिवशी कात्री दोनदा खाली ठेवून पुन्हा उचलली. कमरेपर्यंतचे केस मानेवर आले. त्यांनी आरशात पाहिलं, नाक ओढलं आणि म्हणाल्या, "मागून वाकडे कापलेस."

मालक भेटायला आले. फळांची पिशवी मधे ठेवून म्हणाले, "आता काळजी करू नका. दाराशी खुर्ची टाकून बसा, येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवा. जन्मभर बसून राहिलात तरी माझी ना नाही."

"बसून राहायला मी काय अंड्यावरची कोंबडी आहे?" वन्सं म्हणाल्या. मालक चहा अर्धा टाकून उठले.

काही महिन्यांनी कृत्रिम अवयवांच्या केंद्रातून त्यांना हात मिळाला. दिसायला अगदी देखणा. गव्हाळ रंग, बोटांवर सुरकुत्या, नखंसुद्धा गुलाबी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, कळतसुद्धा नाही!" माझा नवराही खूश झाला. वन्संनी तो हात इमानेइतबारे सहा आठवडे घातला. त्या हाताला सुई धरता येत नव्हती, बादली उचलता येत नव्हती, दाराची कडीसुद्धा काढता येत नव्हती. आत प्लास्टिकच्या खोबणीत घाम साचायचा. उरलेल्या हाताला, त्या स्वतः त्याला खुंट म्हणायच्या, तर त्या खुंटाला फोड आले. फोड फुटले, चिघळले. एके दिवशी त्यांनी तो हात कापडात गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "चल."

केंद्राच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "हात परत घेत नाहीत."

"का?"

"आजवर कुणी परत केलेलाच नाही. तशी सोय नाही."

"मग आजपासून करा." वन्संनी हात खिडकीतून आत सरकवला. "ज्याला नुसता नमस्कार करायचा असेल, त्याला द्या. मला काम आहे."

रांगेतली माणसं बघायला लागली. मी पदर तोंडावर धरला, पण खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं.

काम आहे म्हणाल्या खऱ्या, पण काम होईना. वेत पायाच्या बोटांत धरायचा, पट्टी दातांत पकडायची, डाव्या हातानं ओवायची. दोन ओळी झाल्या की सगळं सुटायचं. मग "अगं, जरा इथं धर" अशी हाक यायची. मी मशीन थांबवून धरायला जायचे. दिवसाकाठी वीस वेळा. माझे गणवेश मागे पडायला लागले. शेवटी एकदा मी चिडले. "वन्सं, मला दोनच हात आहेत, आणि दोन्ही माझेच आहेत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्या रागावल्या नाहीत. दातांतली पट्टी काढून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "खरंय तुझं. उसना हात किती दिवस वापरायचा? बाही शिवताना तू माप कसं घेतेस?"

"दंड, कोपर, मनगट. असं गोल."

"माझं घे."

मी जुन्या चादरीच्या पट्ट्या खळीत बुडवून त्यांच्या खुंटावर गुंडाळल्या. वाळल्यावर कात्रीनं उभ्या कापून काढल्या, पुन्हा शिवल्या आणि आत ओली वाळू आणि सिमेंट ठोकून भरलं. दोन दिवसांनी कापड सोललं तर त्यांच्या हाताचा हुबेहूब ठोकळा तयार. वन्संनी तो दोन पायांत पकडला आणि त्याच्यावर भिजवलेला वेत विणायला घेतला.

कल्पना सासऱ्यांची. ते काचेच्या मोठ्या बरण्यांना वेताची जाळी विणायचे, बरणी टांगून न्यायला. ती जाळी तिरप्या विणीची असते. तिची गंमत अशी की खाली ओढ बसली की वीण लांबते आणि आवळते, वर ढकललं की सैल सुटते. बरणी जितकी जड, तितकी पकड घट्ट. वन्सं म्हणाल्या, "बरणीला चालतं, तर मला का नाही?"

पहिली बाही ढगळ झाली. दुसरी चढेचना. तिसरीच्या गाठी आत आल्या आणि टोचायला लागल्या. चौथी वाळल्यावर तडकली. पाचवी बसली. वेतातून वारा जात होता, घाम साचत नव्हता. वरच्या काठाला मी मऊ कापडाची पट्टी शिवली. आता टोकाला अवजार धरायला काहीतरी हवं होतं.

गल्लीच्या तोंडाशी लेथवाले काका होते. त्यांचा स्वभाव असा की गिऱ्हाईक आलं तरी वैतागायचे आणि नाही आलं तरी. त्यांनी बाही उलटसुलट करून पाहिली. "हे माझं काम नाही. डॉक्टरांचं आहे."

"डॉक्टरांना लेथ चालवता येतो?" वन्संनी विचारलं.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. मग म्हणाले, "भोक केवढं पाहिजे?"

त्यांनी सागवानाचा एक गोल ठोकळा कातून दिला. मधे भोक, बाजूला आवळायचा स्क्रू. भोकात वाटेल ते बसवायचं. आकडा, टोचा, चिमटा. चिमटा माझ्या नवऱ्यानं डेपोतल्या स्प्रिंगमधून बनवला. वन्संनी बाही चढवली, भरलेली बादली आकड्यात अडकवून उचलली आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. बाही जागची हलली नाही. परत येताना त्यांनी मुद्दाम शेजारच्या काकूंच्या दारावरून फेरी मारली.

दुसऱ्याच दिवशी त्या कारखान्यात गेल्या. त्यांच्या सांगण्यावरून मीही गेले, पण या वेळी फक्त बघायला. मालक दारातच म्हणाले, "अहो, हे कसलं लचांड? तुम्हाला पुन्हा काही झालं तर?" वन्संनी एक रिकामा सांगाडा ओढला, जमिनीवर बसल्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बैठक विणायला घेतली. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग तिरप्या. पूर्वी अर्ध्या दिवसात व्हायची, तिला त्या दिवशी पूर्ण दिवस लागला. मालकांनी अंगठ्यानं जाळी दाबून पाहिली. ती ढोलासारखी वाजली.

"उद्यापासून या," मालक म्हणाले.

"येईन. आधी त्या यंत्राच्या रुळांवर झाकण बसवा. आणि बटण माणसाच्या हाताशी आणा."

"आधी कामावर तर या, मग बघू."

"मालक, माझा एक हात 'मग बघू'त गेलाय."

असं म्हणून त्या यंत्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. यंत्रवाला वेत घेऊन आला आणि तसाच थांबला. म्हातारा टोपलीवाला विणकर, ज्याचं वन्संशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली. मग दुसऱ्यानं ठेवली. थोड्याच वेळात कारखान्यात फक्त पंख्याचा आवाज उरला. तीन दिवस एकही वेत चिरला गेला नाही. चौथ्या दिवशी झाकण बसलं, बटणही हलवलं, आणि वन्सं कामावर रुजू झाल्या.

दोन वर्षं तशी गेली. मग केंद्राचं पत्र आलं की तपासणीला या, नाहीतर नाव कमी होईल. वन्सं गेल्या त्या बाही घालूनच. तिथले डॉक्टर भले गृहस्थ, पण बाही पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काढा आधी. हे प्रमाणित नाही. कातडी सडेल."

वन्संनी बाही काढली आणि खुंट पुढे केला. "दाखवा कुठं सडलीय."

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. फोड नाही, चट्टा नाही. मागे संगणकापाशी बसलेली एक मुलगी उठून आली. ती केंद्रातली इंजिनिअर. डोळ्यांवर जाड चष्मा, म्हणून वन्संनी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं ते कायमचं. तिनं आकडा धरून ओढला. जितकं ओढावं तितकी बाही घट्ट. तिनं पुन्हा ओढला. मग अक्षरशः लटकली.

"हे कुणी डिझाइन केलं?"

"वडलांनी. बरणीसाठी."

चष्मेवालीनं बाहीचा सगळ्या बाजूंनी स्कॅन घेतला आणि आठवड्यानं बोलावलं. थ्रीडी प्रिंटरवर तिनं तशीच बाही छापली होती, पांढऱ्या प्लास्टिकची, पट्टी अन् पट्टी तशीच. रंग सोडला तर मलाही फरक कळला नसता. वन्संनी घातली, ओढली. बाही सुळकन निघून हातात आली.

त्या हसायला लागल्या. "बाळ, हे विणलेलं नाही. हे विणल्याचं चित्र आहे."

चष्मेवालीचा चेहरा पडला. "पण मोजमापं बरोबर आहेत."

"मोजमापं बरोबर आहेत गं. पण जिथं पट्टीवर पट्टी येते, तिथं तू चिकटवून टाकलंस. तिला सरकायला जागा कुठाय? विणायला येतं तुला?"

"नाही."

"मग बस खाली."

ती मुलगी आठ दिवस कामानंतर आमच्याकडे येत होती. जमिनीवर मांडी घालून बसायची, पाय आखडले की कण्हायची, पट्टीच्या कडेनं बोटं कापून घ्यायची. वन्संनी दयामाया दाखवली नाही. तिनं विणलेलं सगळं त्या संध्याकाळी उसवायला लावायच्या. सहाव्या दिवशी ती रडली. मी म्हटलं, "वन्सं, पोरीला जरा सबुरीनं." तर म्हणाल्या, "मला आबांनी सबुरीनं शिकवलं असतं, तर मी दाराशी खुर्ची टाकून बसले असते." आठव्या दिवशी चष्मेवालीनं एक वीतभर तिरपी वीण पुरी केली, ओढून पाहिली आणि एकदम ओरडली, "कळलं!"

पुढची बाही छापताना तिनं प्रत्येक पट्टीच्या आजूबाजूला केसाएवढी फट ठेवली. तेवढं जमायला चार महिने आणि कितीतरी फुकट गेलेल्या बाह्या लागल्या. जी जमली, ती वन्संनी महिनाभर वापरली, धुतली, उन्हात टाकली, पाण्यात भिजवली. मग माझ्याजवळ कबूल केलं, "वेत भिजला की फुगतो. ही फुगत नाही. वेतापेक्षा बरी आहे." त्यांच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं.

मग ही बाही पाहायला केंद्रात पाहणी समिती येणार असं ठरलं. दालन सजलं. टेबलावर बाही, मागे मोठा फलक. फलकावर संचालकांचं नाव, डॉक्टरांचं, चष्मेवालीचं. खाली वन्संचा फोटो आणि फोटोखाली एकच शब्द, 'लाभार्थी'.

वन्संनी तो दोनदा वाचला. टेबलावरचं जाड पेन उचललं, शब्दावर काट मारली आणि डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरांत वर लिहिलं, 'कारागीर'.

संचालक धावत आले. "अहो, हे काय केलंत? हा छापील फलक आहे!"

"चुकीचा छापलाय."

"हे बघा, नियम असा आहे की ज्याला उपकरण मिळतं तो लाभार्थी. तुम्हाला मिळालं ना?"

"मला मिळालं होतं ते मी खिडकीतून परत केलं. हे मी केलंय."

"तुमचे आभार आम्ही भाषणात मानू."

"आभार नकोत. शब्द बदला."

संचालकांनी शिपायाला खूण केली. त्यानं नवा कागद आणून वन्संच्या अक्षरांवर चिकटवला. पुन्हा 'लाभार्थी'. वन्संनी अंगावरची बाही काढली, पिशवीत टाकली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी म्हटलं, "घरी जाऊ या का?" तर म्हणाल्या, "का? चहा मिळणार आहे म्हणे."

आत काय घडलं ते चष्मेवालीनं नंतर सांगितलं. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "एका हाताला बसली, ठीक. दुसऱ्याच्या हाताला विणीचा तिरपेपणा किती ठेवायचा, हे कसं ठरवता?" संचालकांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी चष्मेवालीकडे. ती म्हणाली, "मला अजून नीट ठरवता येत नाही. ज्यांना येतं त्या बाहेर बाकावर बसल्यात. आणि सर, मला विणायला त्यांनीच शिकवलं."

शिपाई बोलवायला आला. वन्सं उठल्या नाहीत. "आधी कागद काढ, म्हणावं."

तो गेला, आला. पुन्हा गेला. शेवटी संचालक स्वतः दारात आले. चेहरा लालबुंद. म्हणाले, "काढलाय."

वन्सं आत गेल्या. फलकाकडे बघून खात्री करून घेतली. मग केंद्रात हात घ्यायला आलेला एक सुतार भिंतीशी उभा होता, मनगटापासून हात गेलेला, त्याला पुढे बोलावलं. त्याच्या हातावर अंगठा ठेवला आणि कोपराकडून खाली दाबत आल्या. "जिथं मांस दबतं, तिथं वीण उभट घ्यायची. जिथं हाड लागतं, तिथं पसरट. डोळे मिटून करा, डोळे फसवतात." त्या वयस्कर बाईंनी आपला अंगठा पुढे केला. वन्संनी तो धरून सुताराच्या हातावर फिरवला. मग सगळी समितीच रांगेत उभी राहिली. बिचारा सुतार नुसता दाबला गेला.

आता वन्सं आठवड्यातले चार दिवस केंद्रात असतात. त्यांना एक खोली दिली आहे. जमिनीवर चटई, कोपऱ्यात भिजवणीचं टाकं, आणि खिडकीशी दोन प्रिंटर. पहिली बाही हातानं वेताची विणायची, माणसाला पंधरा दिवस वापरायला द्यायची, कुठं रुततं ते बघायचं आणि मगच छापायची, असा त्यांचा दंडक. चष्मेवालीला हे फार सावकाश वाटतं. दोघींचं रोज भांडण होतं. भांडताना त्या एकमेकींना डबा वाढत असतात.

सध्या वन्संनी पायाचं मनावर घेतलंय. डॉक्टर म्हणाले, हाताचं निराळं आणि पायाचं निराळं. हात ओझं उचलतो, म्हणजे ओढ खाली. पायावर सगळं शरीर वरून दाबतं आणि दाबलं की तुमची वीण सैल सुटणार. हे अशक्य आहे.

"आता सैल सुटते," वन्सं म्हणाल्या. "उलटी विणून पाहिलीय का कुणी?"

आजवर त्यांनी पायाच्या अकरा बाह्या विणल्या. दहा मोडल्या. अकरावी परवा दाब मोजायच्या यंत्रात ठेवली होती. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून पाहायला मिळालं. वेत करकरायला लागला तसे डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. चष्मेवालीनं बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. "थांबवू?"

वन्सं वाकून, कान अगदी वेताजवळ नेऊन ऐकत होत्या.

"नको," म्हणाल्या. "दाब आणखी वाढव."